हप्त्याचा आनंदा, रोखीचा आनंदा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, थोरल्या भावाला नाही. दर रविवारी जोतिबाच्या डोंगरावर जातो, गुलाल लावून घेतो, परत येतो — देवापुढंही ओठ हलले नाहीत. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या गल्लीतले नाही. आणि खरं बोलायचं तर तुमच्यावरही माझा पुरता भरवसा नाहीच. ऐकणारा मान डोलवतो, 'अरेरे' म्हणतो आणि बाहेर पडल्यावर काय करतो, कुणाला माहीत? मी काय केलं ते मला माहीत आहे — म्हणून म्हणतोय.

आधी गल्लीचं सांगतो. मुद्द्यावर येणारच आहे. जरा दम खाऊ द्या.

आमच्या पेठेत पाटलांना काय तोटा? त्यात आमच्या एका गल्लीत आनंदा पाटील दोन. बापाचं नाव लावून ओळखावं, तर दोघांचेही बाप मारुती. एक मी — जळालेल्या मोटारी, पंखे, मिक्सर यांचं वायंडिंग करतो, गल्लीच्या तोंडालाच माझं घर, पुढच्या खोलीत दुकान. दुसरा माझ्या घरासमोरचा, टेम्पोवाला. मग लोकांनी आपली सोय काढली. मी कधी उधार घेत नव्हतो, कुणाला देत नव्हतो, म्हणून मी रोखीचा आनंदा. तो टेम्पो-बुलेटपासून मिक्सरपर्यंत सगळं हप्त्यावर घ्यायचा, म्हणून तो हप्त्याचा आनंदा. गॅसवाला असो, पोस्टमन असो, वर्गणी मागणारी पोरं असोत, गल्लीत शिरून कुणी नाव घेतलं की पहिला प्रश्न हाच — "कुठला? रोखीचा का हप्त्याचा?"

मला माझं नाव फार आवडायचं. का आवडू नये? दुकानात पाटी लावली होती, 'उधार मागून अपमान करून घेऊ नये.' कुणी चुकून मागितलंच, तर त्याला पाटी मोठ्यानं वाचायला लावायचो. हो, म्हाताऱ्या माणसालासुद्धा. माझा स्वभावच तसला, संशयी. बँकेतून फोन आला की मी समोरच्याला त्याच्या बापाचं नाव विचारायचो. मोफत म्हणून कुणी कॅलेंडर दिलं तरी उलटंपालटं करून बघायचो, ह्यात ह्याचा काय फायदा? आणि हप्त्याच्या आनंदाला तर मी रोज एक टोला हाणायचोच. म्हणायचो, "लेका, घरातला पंखा तरी तुझा हाय का? एक दिवस दारात माणसं येतील बघ तुझ्या."

तो हसायचा. कधी रागावला नाही. म्हणायचा, "मर्दा, डोक्यावर हप्ता असला की माणूस पाटंचं उठतोय. तुझ्यागत न्हाय, जेवला की आडवा." आणि हे सांगायला हवं — त्यानं एकही हप्ता कधी चुकवला नव्हता. महिना लागला की आधी हप्त्याचे पैसे बाजूला काढायचा, मग उरल्यात घर चालवायचा. मला तेव्हाही हे माहीत होतं. गल्लीत ते कुणी बोलत नव्हतं, आणि मी तरी कशाला बोलेन?

तर कार्ड.

माझा मेहुणा पुण्याला असतो. जत्रेला आला होता, तेव्हा आम्ही सगळे खानावळीत जेवायला गेलो. बिल आलं. मी खिशातल्या नोटा काढून थुंकी लावून मोजतोय तोवर ह्यानं कार्ड काढून दिलंसुद्धा. वर म्हणतो, "दाजी, तुम्हाला कार्ड कोण देणार पण? तुम्ही जन्मात कर्ज काढलं नाही, तुमची नोंदच नाही कुठं. कर्ज नाही म्हणजे पत नाही."

पत नाही! मला! सगळ्यांसमोर! ज्यानं आयुष्यभर कुणाचा रुपया बुडवला नाही त्याला पत नाही, आणि समोरच्या हप्तेवाल्याला आहे — हा कुठला न्याय? चार दिवस मी कुणाशी धड बोललो नाही. मग एका मॉलच्या बाहेर टेबल मांडून बसलेल्या पोराकडं गेलो. त्यानं 'काका, काका' करत फॉर्म पुढं केला. बारीक अक्षर मी भिंगातून वाचलं. कळलं काहीच नाही, संशय मात्र आला. म्हणून पत्ता लिहिताना गल्लीचं नाव लिहिलं आणि घर नंबर मुद्दाम गाळला. कशाला ह्यांना सगळं सांगायचं? बँकेचं पासबुक बघून त्यांनी कार्ड दिलं. ते आलं त्या दिवशी कुरिअरवाल्यानं विचारलंच असणार, कुठला आनंदा — नशिबानं मी दुकानाच्या दारातच होतो.

कार्ड कपाटात पडून होतं. वापरायचं नव्हतं हो, आईशप्पथ. नुसतं असावं.

मग समोर भिंतीएवढा टीव्ही आला, अर्थात हप्त्यावर. गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या सोप्यात, बाहेरच्या खोलीत. आमची ही दारात उभी राहून बघायची आणि आत येऊन भांडी आपटायची. एक दिवस म्हणाली, "मी काय मागितलं का तुम्हास्नी? बसा की तुमच्या रोखीला धरून." मला टीव्ही घ्यायचा होता — त्याच्यापेक्षा मोठा, आणि रोखीनं. पैसे नव्हते. दुकानात कार्ड द्यावं, तर दुकानदार आमच्याच पेठेतला, संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. मग मी काय केलं असेन?

दुसऱ्या पेठेतल्या एटीएममध्ये गेलो आणि त्या कार्डावर नोटा काढल्या. दोन-तीन खेपा केल्या. तोंडावर रुमाल बांधून जायचो, चोरासारखा. आणि मग दुकानात जाऊन काउंटरवर एकेक नोट मोजून ठेवली. दुकानदारानं पोरांना हाक मारून दाखवलं, "बघा रं, ह्याला म्हणत्यात रोखीचा आनंदा!" मी छाती फुगवून हसलो.

आता कळलं तुम्हाला माझं शहाणपण? कर्ज काढून रोखी मिरवणारा माणूस बघितलाय कुठं? टीव्हीनंतर फ्रीज झाला. पुतण्याच्या लग्नात आहेर झाला. तालमीच्या वर्गणीत सगळ्यांत मोठा आकडा माझा. सगळं रोख. कार्डावर काढलेल्या नोटेला त्याच दिवसापासून व्याज चढतं, हे मला ठाऊक नव्हतं. बिलाच्या खाली 'किमान रक्कम' म्हणून एक छोटा आकडा यायचा, तेवढाच मी भरायचो. मला वाटायचं, तोच हप्ता. जन्मभर हप्त्याला नावं ठेवली आणि हप्ता म्हणजे काय तेही कळत नव्हतं मला — हसा, खुशाल हसा. भरतोय भरतोय आणि देणं वाढतंयच. शेवटी मी किमानही भरायचं सोडलं. फोन यायला लागले. मी सिमकार्ड मोडून गटारात टाकलं, नवीन नंबर घेतला, बायकोला सांगितलं, जुन्या नंबरवर फसवणूकवाले फोन करतात. तिला पटलं. माझा संशयी स्वभाव तिला माहीतच होता.

आणि मग तो माणूस आला.

वसुलीचा होता. पाठीला सॅक, पायात बूट, बोलणं गोड. गल्लीच्या तोंडाला पानाची टपरी आहे, तिथं त्यानं विचारलं, "आनंदा मारुती पाटील कुठं राहतात?" टपरीवाला नेहमीसारखा म्हणाला, "कुठला? रोखीचा का हप्त्याचा?" तो म्हणाला, "हप्ते थकलेत म्हणून आलोय." "मग हप्त्याचाच की!" टपरीवाला हसला, शेजारी उभे होते तेही हसले. मी दुकानाच्या दारात उभा होतो. सगळं ऐकत होतो. त्या माणसानं माझ्याकडं वळून विचारलं, "काका, घर कुठलं त्यांचं?"

मी हात केला. बोललो काही नाही, नुसता हात केला — समोरच्या निळ्या दाराकडं.

इथं थांबलो असतो तर? भित्रा माणूस, घाबरला, हात गेला, असं म्हणून तुम्ही मला सोडूनही दिलं असतं. मीही बरेच दिवस स्वतःला असंच सांगत होतो. पण माझी चूक ती नव्हेच. ती पुढं आहे.

पहिल्यांदा आनंदा हसला. म्हणाला, "पावणं, माझं सगळं हप्तं भरल्यात, चला बँकेत." त्या माणसानं ऐकलं नाही. असं सगळेच म्हणतात, म्हणाला. नाव तेच, बापाचं नाव तेच, गल्ली तीच. पुन्हा आला. मग दोघं आले. दारात उभं राहून मोठ्यानं बोलायला लागले, शेजारच्यांना ऐकू जावं म्हणूनच. गल्ली कुजबुजायला लागली — टेम्पोवर इतकं कुठं सुटतंय, टीव्ही काय, बुलेट काय, कधीतरी हे व्हायचंच होतं. मला वाटत होतं, कुणीतरी म्हणेल, अरे, आपल्यात आनंदा दोन हायत की. एकानंही म्हटलं नाही. रोखीच्या आनंदावर संशय कोण घेणार?

मग एका दुपारी तो माझ्या दुकानात आला. स्टुलावर बसला. चेहरा उतरलेला. मला म्हणाला, "तू कागदपत्रात लई बारीक बघणारा माणूस, म्हणून तुझ्याकडं आलोय. मी कार्ड काढलं न्हाय. आईची आण. बँकेत जाऊन चौकशी करू का? तू येतोस सोबत?"

माझ्या हातातली तार तशीच राहिली. बँकेत गेला असता तर काय झालं असतं? त्यांनी फोटो काढून दाखवला असता, सही दाखवली असती. एका मिनिटात सगळं उघडं. तेव्हा मी म्हणालो — शांतपणे म्हणालो, आवाजसुद्धा हलला नाही — "जाऊ नकोस. गेलास की सही मागतील. सही केलीस की कबूल केल्यागत होईल." त्यानं मान हलवली. त्याचा माझ्यावर विश्वास होता. पण तेवढ्यानं भागणार नाही असं मला वाटलं. तो परत कुणाला तरी विचारणार, दुसरा कुणीतरी त्याला बँकेत नेणार. त्याला दुसरीकडं वळवायला हवं होतं. म्हणून मी विचारलं, "तू काढलं न्हाईस म्हणतोस. मग तुझी कागदं घरात कुणाच्या हाताला लागत्यात?"

एवढंच विचारलं मी. नाव घेतलं नाही.

नाव घ्यायची गरजच नव्हती. त्याचा पोरगा सूरज मोबाईलच्या दुकानात कामाला होता. गिऱ्हाइकांचे कर्जाचे कागद भरायचं कामच त्याचं, आधार, पॅन, ओटीपी, सगळं त्याला पाठ. आणि त्याच महिन्यात त्यानं नवा मोबाईल घेतला होता. मला हे सगळं माहीत होतं. माहीत असूनच विचारलं. आनंदाचा चेहरा मी बघत होतो — आधी कळलंच नाही त्याला, मग कळलं, मग तो उठला. म्हणाला, "माझं पोरगं तसलं न्हाय." मी म्हणालो, "मी कुठं म्हणतोय? आपलं विचारलं." तोवर त्याच्या डोक्यात ते शिरलं होतं. संशय कसा शिरतो हे मला सांगू नका, त्यात माझा जन्म गेलाय.

त्या संध्याकाळी समोरून आवाज यायला लागले. सूरज ओरडत होता, "मी न्हाई काढलं, बाबा, मोबाईल पगारातला हाय!" आनंदा विचारत होता, मग कुणी काढलं, भुतानं? गल्ली दारादारांत उभी राहिली. पोरगं बाहेर आलं, मागून बाप आला, आणि सगळ्यांसमोर आनंदानं त्याच्या थोबाडीत मारली. बावीस-तेवीस वर्षांचा जवान पोरगा. गालावर हात धरून बापाकडं नुसता बघत राहिला. मी माझ्या दारात होतो. मला एक वाक्य बोलायचं होतं — ते कार्ड माझं हाय. चार शब्द. मी आत गेलो आणि तो टीव्ही लावला.

दुसऱ्या दिवशी सूरज घर सोडून गेला. कबनूर गावी त्याचा मित्र होता, त्याच्या ओळखीनं यंत्रमागावर लागला.

पुढं भिशीत माझा नंबर लागला. मी गुपचूप स्टेशनकडच्या एका माडीवर गेलो, वसुलीवाल्यांचं ऑफिस होतं तिथं. त्यांनी रक्कम थोडी कमी केली, मी सगळी भरली, कार्डाचे कात्रीनं तुकडे केले. सुटलो, असं वाटलं. वसुलीवाले यायचे बंद झाले. आणि मला वाटलं, आता आनंदाचाही राग निवेल, पोराला बोलवून घेईल.

उलटंच झालं. आनंदा माझ्याकडं आला आणि म्हणाला, "बघितलास? पोरगं गेलं कबनूरला, पगार सुरू झाला, आन् माणसं यायची बंद झाली. म्हणजे त्यानंच भरलं. भरलं म्हणजे घेतलं हुतं." मी भरलेल्या पैशानं पोराचा गुन्हा पक्का झाला. मी काय केलं असेन? त्याला चहा मागवला.

ह्याला वर्षं झाली आता. आनंदानं बुलेट विकली, उरलेले हप्ते फेडून टाकले आणि पुन्हा कधी कुठली वस्तू हप्त्यावर घेतली नाही. मला म्हणतो, तुझंच खरं होतं. संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन बसतो. पूर्वी बोलताना गल्ली हसवायचा, आता चार शब्द बोलतो. मी त्याच्याकडं चोरून बघत असतो — ह्याला कळलंय का? कळूनही येऊन बसतो का? टपरीवाल्यानं परवा मला 'काय रोखीचं मालक' म्हणून हाक मारली, तर दिवसभर माझ्या डोक्यात तेच, असं का म्हणाला? पूर्वी मी लोकांवर संशय घ्यायचो. आता लोकांना माझा संशय येत नाही ना, ह्याचाच संशय घेत असतो. बायको म्हणते, तुम्ही झोपेत दात खाता.

सूरजचं लग्न झालं, कबनूरलाच. आई गेली होती, बाप गेला नाही. सूरज एका अटीवर अडून बसलाय — बाबांनी एकदा म्हणावं, तू घेतलं न्हाईस. आणि बाप म्हणतो, त्यानं एकदा म्हणावं, मी घेतलं. दोघंही आपापल्या जागी खरे, दोघंही हट्टी.

परवा सूरजच्या मुलीचं बारसं होतं. सूरजची आई सकाळीच कुंची, झबलं घेऊन गेली. दुपारी आनंदा माझ्या दुकानात आला. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, दाढी केलेली. बसला नाही, उभाच राहिला. म्हणाला, "पैशाचं काय न्हाय रं. एकदा जरी म्हणाला असता, बाबा, चुकलं माझं, तर मी हसत भरलं असतं. पण ते अजून तोंड वर करून न्हाई म्हणतंय. लबाडी सोसत न्हाई मला." मग खिशातून एक लहानशी डबी काढली. उघडून दाखवली — आत लेकरासाठी चांदीचे वाळे. रोखीनं घेतलेत, म्हणाला. मग माझ्याकडं बघून विचारलं, "आनंदा, तू असतास तर गेला असतास?"

मला दिसत होतं, तो निघालेलाच होता. माझ्या एका 'व्हय'साठी थांबला होता. आणि मला हेही दिसत होतं की बापलेक समोरासमोर बसतील, पोरगी मांडीवर असेल, राग उतरलेला असेल, आणि मग कुणीतरी शांतपणे विचारेल — मग ते कार्ड होतं तरी कुणाचं?

मी म्हणालो, "न्हाय. मी गेलो नसतो."

त्यानं डबी बंद केली. "व्हय, बरोबर हाय तुझं," म्हणाला, आणि निळं दार उघडून आत गेला.